माझा परदेशी वर्ग मराठवाड्यात

पावसाळा संपता संपता मी एका सत्रासाठी नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पाहुणी अध्यापक म्हणून गेले. विषय पाण्याचं नियोजन. वर्गातली बहुतेक मुलं आपापल्या देशात पाणीखात्यात दोन-चार वर्षं नोकरी करून आलेली, म्हणजे पाटी कोरी कुणाचीच नाही. सत्राच्या शेवटी क्षेत्रभेट असते आणि जागा शिकवणाऱ्याने सुचवायची असते. आधीच्या वर्षी स्पेन झालं होतं. मी मराठवाडा सुचवला. विभागप्रमुखांनी नकाशावर शोधलं आणि विचारलं, "इथे पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "पाणी सोडून सगळं." विनोद त्यांना कळला नाही, मंजुरी मात्र मिळाली.

तिकडच्या वर्गाबद्दल थोडं सांगायला हवं. त्या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. आमच्या खिडकीतून कालवा दिसायचा आणि त्यातलं पाणी आम्ही बसलो होतो त्या जमिनीपेक्षा उंचावर असायचं. पंप बंद पडले तर काय, असं मी पहिल्याच तासाला विचारलं. एक डच मुलगा शांतपणे म्हणाला, "पडत नाहीत. त्यासाठी आम्ही वेगळा कर भरतो." तिथे पाण्याची स्वतंत्र मंडळं आहेत, एकूण २१. काहींची मुळं तेराव्या शतकापर्यंत जातात आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते. आपल्याकडे पाण्यावरून निवडणुका होतात, पाण्याची अजून व्हायची आहे.

मला जड गेली ती गटांची भानगड. तिथे बरेच गुण अख्ख्या गटाला मिळून असतात. मोकळं सोडलं की मुलं देशाप्रमाणे, नाहीतर इंग्रजी किती फाडफाड येतं त्याप्रमाणे गोळा होतात. बोलका अहवाल लिहितो, अबोल आकडे भरतो आणि शेवटी गुण दोघांना सारखे. म्हणून गट मीच पाडले. एका गटात एका देशाचे दोघे नकोत. रोज काम बदलायचं: आज जो प्रश्न विचारेल तो उद्या फक्त टिपणं घेईल. वहीच्या डाव्या पानावर जे पाहिलं ते, उजव्या पानावर जे वाटलं ते. आणि शुक्रवारपर्यंत कुणीही उपाय सुचवायचा नाही. सगळ्यात जास्त कुरकुर या शेवटच्या नियमावर झाली. अभियंत्याला उपाय सुचवू न देणं म्हणजे भरल्या ताटावर बसवून हात बांधण्यासारखं.

मुलांची नावं लिहीत नाही, त्यांच्या देशांवरूनच बोलते.

शनिवार, संभाजीनगर

मुंबईहून सकाळची तपोवन एक्सप्रेस. कसारा घाटात सगळे दाराशी, नाशिकनंतर सगळे झोपलेले. मनमाडला गाडीची दिशा बदलली तेव्हा अर्ध्या वर्गाला वाटलं, परत मुंबईला निघालो.

हॉटेलच्या न्हाणीघरात शॉवर होता आणि त्याच्याखाली भरून ठेवलेली बादली. दोन्ही कशाला, डच मुलाने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बांगलादेशची मुलगी म्हणाली, "एक दाखवायला, एक वापरायला."

रविवार, पाणचक्की आणि खुलताबाद

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की मी शाळेच्या सहलीपासून पाहत आलेय. पण मुलांना मला चक्कीपेक्षा चक्कीपर्यंत येणारं पाणी दाखवायचं होतं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि शहरासाठी जमिनीखालून नहर आणला. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी बंदिस्त मार्गाने नुसत्या उतारावर शहरात यायचं. पाणचक्कीचा नहर नंतरचा, अठराव्या शतकातला, तंत्र मात्र त्याच घराण्यातलं. इथलं पाणी खापरी नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात कोसळतं आणि त्या जोरावर जातं फिरतं. हौदाच्या तळाखाली मोठं दालन आहे, वरच्या पाण्याने त्याचं छत गार राहतं. पंप कुठे आहे, हे मुलं बराच वेळ शोधत होती.

इथिओपियाची मुलगी वर्गात सत्रभर जवळजवळ गप्पच होती. मलिक अंबर तिच्या मुलखातला, हे मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. दर्ग्याजवळचा वाटाड्या दखनीत बोलता बोलता सहज म्हणाला, "हबशी थे वो." मी ते सांगितलं. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हाताहातांतून दख्खनेत पोचलेला, पुढे निजामशाहीचा पेशवा होऊन जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं झुंजवणारा माणूस. तिने विचारलं, "म्हणजे आमच्याकडचा?" वाटाड्याने मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. मग ती हौदाच्या कठड्याशी जाऊन वडिलांना फोन करून आली आणि म्हणाली, "त्याची कबर कुठे आहे?"

कबर खुलताबादला. आमच्या कार्यक्रमात खुलताबाद नव्हतं, दुपारी नकाशावाचनाचा सराव होता. सराव रद्द केला. १६२६ मध्ये वारलेल्या त्या माणसाच्या घुमटाखाली ती बराच वेळ उभी होती, बाकीचे बाहेर सीताफळाच्या झाडाखाली. परतताना बसमध्ये तिने वही उघडली आणि स्वतःहून दुसऱ्या दिवशीचे प्रश्न मागून घेतले. सत्रभर मी तिला बोलतं करायचे जे शास्त्रोक्त प्रयत्न केले होते त्यांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवार, पैठण

यंदा पाऊस बरा झालेला. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, काठोकाठ. भिंतीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. दुष्काळ दाखवायला म्हणून मी वर्ग आणलेला आणि समोर समुद्र. पेरूचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आपण बरोबर ठिकाणी आलोय ना?"

आकडे सांगितले. पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. मातीची भिंत जवळपास १० किलोमीटर, दरवाजे २७, एकूण साठवण १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, त्यातली सव्वीसेक टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं तळाचं पाणी. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. शंभराहून अधिक गावांची जमीन या पाण्याखाली आहे. त्यानंतर मी तो कायदा सांगितला जो मराठवाड्यात पानटपरीवरही सगळ्यांना पाठ असतो: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातून आलेली ही समन्यायी वाटपाची तरतूद. कागदावर दोन ओळी. प्रत्यक्षात तुटीच्या प्रत्येक वर्षी कोर्टकचेऱ्या, रास्ता रोको, नदीपात्रात पोलीस बंदोबस्त.

वर्गातल्या बहुतेकांना हा तांत्रिक प्रश्न वाटला. किती पाणी सोडलं, वाटेत किती जिरलं, किती पोचलं. बांगलादेशची मुलगी एकटीच हसत होती. तिच्या देशाचा आणि भारताचा गंगेच्या पाण्याचा करार १९९६ चा, ३० वर्षांचा. शेपटाकडे राहणाऱ्याचं पाणी कसं ठरतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती म्हणाली, "वरच्या माणसाला कधीच वाटत नाही की तो वर आहे. त्याला वाटतं, तो नुसता घरी आहे." डच मुलगा म्हणाला की तोही ऱ्हाइनच्या शेपटालाच राहतो. "हो," ती म्हणाली, "पण तुमच्याकडे पाणी नको असतं." नाथांच्या वाड्यापर्यंत त्यांचा वाद चालू होता. पैठणीच्या दुकानात शिरल्यावरच तो थांबला.

मंगळवार, कडवंची

जालन्याजवळचं कडवंची पाणलोटासाठी राज्यभर माहीत आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने, इथे इंडो-जर्मन कार्यक्रमात १९९६ पासून माथा ते पायथा काम केलं. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बंधारे, आणि मग द्राक्षं. आज डोंगरावरून पाहिलं की द्राक्षबागांच्या मधेमधे शेततळ्यांची काळीनिळी चौकटं चमकतात.

मुलांनी हिशोब केला. तळ्याचा वरचा पृष्ठभाग ३० बाय ३० मीटर धरला आणि मे महिन्यात दिवसाला १० मिलीमीटर पाणी उडून गेलं, तर रोज ९,००० लिटर. म्हणजे जवळजवळ एक टँकर रोज आभाळात. आणि प्लॅस्टिकचा कागद घातलेलं तळं पावसाच्या पाण्याने भरत नाही. ते पावसाळ्यात विहिरीतून उपसून भरतात, कारण विहीर सगळ्यांच्या भूजलावर उतरते आणि तळं एकट्याचं असतं. एका बागायतदाराने हे लपवलं नाही. "बाग जगवायची तर एवढं करावंच लागतं," तो म्हणाला. त्याचंही खरं आहे: एप्रिल-मेमध्ये द्राक्षवेल मेली तर सगळं कर्ज अंगावर येतं. ज्या कामाने गावाचं भूजल वाढलं त्याच गावात ते तळ्यांत कोंडायची वेळ कशी येते, यावर एका गटाने उजवं पान भरून टाकलं. मला ते पान आवडलं.

बुधवार, बीड ते अंबाजोगाई

सकाळी बीडजवळची खजाना विहीर. निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात सलाबत खानाने बांधलेली, भोवती कमानींचा फेर आणि खालून पाणी शेतांकडे नेणारा भुयारी मार्ग. लोक सांगतात, दुष्काळातही हिचं पाणी हटत नाही. वर्ग खूश झाला, फोटो झाले, पुढे निघालो.

खरा दिवस दुपारी उजाडला. केजच्या अलीकडे एका गावात घरोघरी जाऊन पाण्याची पाहणी करायची होती. पहिल्या गल्लीत एका घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्या ओसरीवर एक म्हातारी आणि दोन नातवंडं. मुलांना वाटलं सगळे शेतात गेले असतील. गाव उसाला गेलं होतं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादम आधी उचल देतो, ती माणसाला नाही, कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने दांडी मारली तर दोघांचा दंड. या कामापायी कमी वयात गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. आणि ज्या उसाला गाव जातं तो ऊसच मराठवाड्यातलंही पाणी पितो.

आमची प्रश्नावली 'घरात पाणी कोण आणतं' इथून सुरू व्हायची. पाणी आणणारी बाई घरात नव्हती, ती तीनशे किलोमीटरवर दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडत होती. इथिओपियाच्या मुलीने प्रश्नावली मिटली आणि म्हातारीला विचारलं, "आता कोण आणतं?" म्हातारीने नातीकडे बोट केलं. नात चौथीत.

रात्री अंबाजोगाईच्या लॉजवर भांडण झालं. डच मुलाला बंद घरं मोजून त्यांचं प्रमाण काढायचं होतं. पद्धत म्हणून ते योग्यच. नेपाळचा मुलगा म्हणाला, कुलपांचे फोटो अहवालात घालायचे नाहीत, त्याच्या गावची निम्मी घरं आखातात गेलीयत आणि तिथेही लोक येऊन कुलपांचेच फोटो काढतात. डच मुलगा म्हणाला, फोटो नसेल तर कुणी विश्वास ठेवणार नाही. आवाज चढले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. गटकार्याच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की अशा वेळी शिक्षकाने मध्यस्थी करावी. मी म्हटलं, तुमचं ठरलं की सांगा, आणि झोपायला गेले. सकाळी कळलं की फोटो नाही, आकडा घालायचा, आणि आकड्याखाली गावाचं नाव लिहायचं नाही. मी निकाल दिला असता तर इतका चांगला दिला नसता.

मुकुंदराजांची समाधी मात्र राहिली. अंबाजोगाईत जाऊन तिथे न जाणारी मी पहिली मराठी बाई असेन.

गुरुवार, लातूर

माझं शहर. शिकवणीचे फलक, वसतिगृहं, रस्त्यावर पाठीला दप्तर लावलेली हजारो पोरं. रेल्वे स्टेशनवर उभं राहून २०१६ ची गोष्ट सांगितली. मांजरा धरण आटलं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी, एका खेपेत २५ लाख. बांगलादेशच्या मुलीने शहराची लोकसंख्या विचारली आणि मनातल्या मनात भागाकार केला: माणशी पाच-सहा लिटर.

दुपारभर आरोच्या जारचा धंदा पाहिला. वीस लिटरचा गार जार घरोघरी. यंत्रातून बाहेर पडणारं खारं पाणी कुठे जातं, हे विचारल्यावर मालकाने गटाराकडे पाहिलं.

शुक्रवार, येळवस

सगळा दौरा मी या तारखेभोवती आखला होता. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. लातूर-धाराशिवकडे या दिवशी शहरात संचारबंदी लागल्यासारखं होतं, कारण माणसं असतात रानात. ज्याचं रान नाही तो मित्राच्या रानात. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात.

औशाजवळच्या आमच्या रानात तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, कडब्याची कोप उभारलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पांडव. काकूंनी मुलांकडे पाहिलं आणि मलाच झापलं, "आगं, एवढ्या लांबून लेकरं आणलीस अन् वह्या काय धरायला लावलीस? आधी जेवू दे की त्यांना!" भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: रानातले ओले दाणे, पालेभाज्या, चिंच, बेसन, सगळं एकत्र शिजतं. इथिओपियाच्या मुलीला आंबील घरच्यासारखी लागली. डच मुलाने तिसरा पेला घेतला आणि तासाभरात तुरीच्या सावलीत घोरायला लागला. आंबिलीचा हा गुण सगळ्यांना माहीत आहे. बापू, माझा चुलतभाऊ, पिकावर आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' म्हणत पुढे चालला आणि पेरूचा मुलगा त्याच्या मागून, उच्चारांसकट.

जेवणं झाल्यावर विहीर. आजोबांनी खणलेली, काळ्या दगडात चाळीस फूट. हाच आमचा शेवटचा पाठ होता: सगळ्या गटांनी एकाच विहिरीला आपापले प्रश्न विचारायचे. डच मुलाने डोळे चोळत विचारलं, शेजारच्या रानातला सातशे फुटांचा बोअर पाडायला परवानगी कुणी दिली? सगळे हसले. तक्रार कुणाकडे करायची? आणखी हसले. बांगलादेशच्या मुलीने काहीच विचारलं नाही, नायट्रेटची पट्टी बुडवली. ती गडद गुलाबी झाली. तिच्या देशात लोकांना घाण पाण्यापासून वाचवायला लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्यांतून आर्सेनिक निघालं. पाणी दिसतं कसं यावर तिचा विश्वास नाही. इथिओपियाची मुलगी काकूंजवळ बसून, नळ यायच्या आधी किती खेपा व्हायच्या ते लिहून घेत होती. काकूंना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

पेरूच्या मुलाचा प्रश्न साधा होता: पाळी कुणाची? त्याच्याकडे अँडीजमध्ये पाटाचं पाणी पाळीने मिळतं, पाळी पाहणारा माणूस गाव निवडतं आणि वर्षातून एकदा सगळे मिळून पाट साफ करतात, गाणीबजावणी, जेवणावळीसकट. तात्यांनी सांगितलं, विहीर सामाईक, सातबाऱ्यावर अर्धा-अर्धा हिस्सा. एक आठवडा त्यांचा, एक आठवडा बाबूकाकांचा.

"आणि पाळी पाहणारा कोण?"

"डीपी," तात्या म्हणाले.

मी भाषांतर केलं, मग ट्रान्सफॉर्मर दाखवला. शेतीला तीन फेजची वीज आठ तास, एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री. मुलाने वहीत दोन ओळी आखल्या. वरच्या ओळीत विहिरीची पाळी, खालच्या ओळीत विजेची. दोन्ही आठवड्याच्या, दोन्ही सोमवारी बदलणाऱ्या. त्याने वही तात्यांपुढे धरली आणि बोट ठेवलं. तात्यांच्या वाट्याला दरवेळी रात्र. बाबूकाकांच्या वाट्याला दरवेळी दिवस.

तात्या वहीकडे न पाहता म्हणाले, "माहीताय की." काकू म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. रातच्याला बॅटरी घेऊन जातेत. मागं पायापासनं साप गेला." आपल्या घरातली ही गोष्ट मला माहीत नव्हती. दोन्ही घरांचं येणंजाणं कमी का झालंय, हे सणासुदीला मी विचारायचे आणि कुणी धड सांगायचं नाही. बाबूकाकांशी बोला की, असं मी म्हटलं असतं तर ती तात्यांची पुतणी बोलली असती.

संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून पोरं बांधाबांधाने पळाली. नियमाप्रमाणे उपायांवरची बंदी आता उठली होती. कुणाच्या लक्षात नव्हतं.

शनिवार, किल्लारी

इथला भूकंप: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट भिंती, वर मातीचं माळवद. भिंतींनीच माणसं मारली. बावन्न गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने नवी गावं वसली, सरळ रेघेत, रुंद रस्त्यांची.

नेपाळचा मुलगा २०१५ च्या भूकंपात शाळकरी होता. नव्या गावात तो एकटाच फिरला आणि परत येऊन एवढंच म्हणाला, "इथे ओसरी समोरासमोर येत नाही. म्हाताऱ्या कुठे बसतात?" त्या दिवशीचं दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

रविवार, गावातलं सादरीकरण

आमच्या गावी, मारुतीच्या सभामंडपात. प्रोजेक्टर आणला होता, वीज नव्हती. मुलांनी पाट्यांना तक्ते लावले. माझी अट होती की गुण मी देणार, पण प्रश्न गाव विचारणार. सरपंचबाईंनी पहिला प्रश्न टाकला: "तुम्ही ह्या विहिरींची खोली अन् पाणी मोजलंत, त्याचा कागद आम्हाला देणार का? आराखडा करताना आमच्याकडं नसतंय." परदेशी विद्यापीठाची माहिती कुणाला द्यायची याचे चार पानी नियम आहेत. डच मुलानेच ते मला सत्रभर ऐकवले होते. तो उठला आणि म्हणाला, "आजच देतो. मराठीत."

एक आजोबा म्हणाले, "बाकी समदं झालं, उपाय सांगा की."

वर्ग माझ्याकडे पाहू लागला. पेरूच्या मुलाने आपल्या दोन ओळींचा तक्ता उचलला. गावाचं नाव नाही, घराचं नाव नाही, नुसती एक विहीर आणि दोन वाटेकरी. वीज सोमवारी बदलते, ती आपल्या हातात नाही. विहिरीची पाळी सोमवारऐवजी गुरुवारी बदलायची. म्हणजे प्रत्येकाला थोडा दिवस, थोडी रात्र.

कुणाची विहीर हे सगळ्या मंडपाला कळलं. बाबूकाका मागच्या खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "गुरुवारी आमच्याकडं बाजार असतोय." कुणीतरी म्हणालं, मग शुक्रवारी. दुसऱ्याने आपल्या विहिरीचे तीन वाटेकरी मोजून दाखवले आणि तिथे हे कसं बसणार ते विचारलं. तिसरा म्हणाला, सोलर पंप घेतला की रातीची कटकटच नाही. चौथ्याने सोलरचा अर्ज किती दिवस पडून आहे ते सांगितलं. सगळे एकदम बोलू लागले आणि पाहुण्यांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. डच मुलगा मला कोपराने ढोसत होता, काय म्हणतायत, काय म्हणतायत? मी म्हटलं, नंतर सांगते.

बस चारला सुटायची होती, साडेपाचला सुटली. काकूंनी प्रत्येकाच्या हातात शेंगदाण्याच्या पोळ्यांचं पुडकं दिलं.

गुण देऊन झालेत. एकमेकांना गुण देण्याच्या रकान्यात इथिओपियाच्या मुलीला तिच्या गटात सगळ्यांत जास्त मिळाले, आणि डच मुलाने स्वतःला सगळ्यांत कमी दिले. विहिरींचा तक्ता सरपंचबाईंच्या फोनवर पोचला, त्यातल्या दोन चुका त्यांनी कळवल्या. बापूला मी दर आठवड्याला विचारते, पाळीचा वार बदलला का. त्याने अजून नीट सांगितलेलं नाही. डीपी जळाल्याचं मात्र लगेच कळवलं.